आजींचे ‘त्युओ’ आणि पुस्तकातले ‘ते’

पत्र : मी मूळची अमरावतीची. तीन वर्षांपूर्वी पतीच्या नोकरीमुळे आम्ही फिनलंडमधील कुओपिओ या शहरात आलो. येथे नवागतांसाठी असलेल्या वर्गात मी मन लावून फिनिश शिकले, पुढे सहायक परिचारिकेचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि आता एका वृद्धनिवासात काम करते. पहिल्याच आठवड्यात ऐंशी पार केलेल्या एका आजींनी मला आणि माझ्यासोबतच्या भारतीय मैत्रिणीला विचारले, ‘मिस्तॅ त्युओ ओत्ता?’ पुस्तकात ‘त्युओ’ म्हणजे ‘काम’, म्हणून मी आमच्या कामाविषयी सांगू लागले. आजी हसल्या. मग एका सहकारी बाईंनी मला इंग्रजीत सांगितले, की आजी ‘तुम्ही कुठल्या’ असे विचारत आहेत. त्या दिवसापासून बहुतेक सहकारी माझ्याशी इंग्रजीतच बोलतात. मी शिकले ते फिनिश चुकीचे होते का? आता येथील सावो बोली वेगळी शिकावी का? पाच वर्षांची मुलगी बालवाडीतून ‘म्युओ’ म्हणत घरी येते. तिची भाषा बिघडेल का? शिवाय वर्षभरात आम्हाला ओउलूला जावे लागेल असे दिसते. तेथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल का?

उत्तर : तुमचे पत्र वाचले आणि ती आजींची खोली डोळ्यांसमोर उभी राहिली. तुमची उत्तराची दिशा चुकली हे खरे, परंतु तुम्ही शब्द अचूक ऐकला होता आणि पुस्तकी फिनिशमध्ये त्याचा जो अर्थ होतो तोच घेतला होता. पुस्तकी भाषेत ‘तुम्ही कुठल्या’ हे ‘मिस्तॅ ते ओलेत्ते’ असे विचारतात. पूर्वेकडील बोलींमध्ये मात्र ‘आम्ही, तुम्ही, ते’ यांसाठी ‘मे, ते, हे’ नसून ‘म्युओ, त्युओ, ह्युओ’ ही सर्वनामे आहेत. त्यांपैकी ‘त्युओ’ हे ‘काम’ या शब्दाशी नेमके एकरूप होते, आणि ‘मिस्तॅ त्युओ ओत्ता’ या तीन शब्दांत ‘ओत्ता’ हे रूप अनोळखी असल्यामुळे तुम्ही ओळखीच्या ‘त्युओ’चाच आधार घेतला. (या उत्तरात मी ‘ॲ’ चा उच्चार ‘बॅट’मधल्यासारखा धरला आहे, आणि ‘त्यु’, ‘म्यु’ यांतील स्वर म्हणजे ओठांचा चंबू करून म्हटलेला ‘ई’ समजावा.)

शिकले ते चुकीचे होते का, हा तुमचा पहिला आणि मला वाटते सर्वांत बोचणारा प्रश्न आहे. ते चुकीचे नव्हते. तुम्हाला वर्गात शिकवली ती ‘किर्याकिएली’, म्हणजे पुस्तकांची भाषा. आणि फिनलंडमध्ये ही भाषा कोणाच्याही घरात बोलली जात नाही. तुमच्या सहकारी बाई, मुलीच्या बालवाडीतील शिक्षिका, त्या आजी, हे सारे ती शाळेत जाऊन शिकले आहेत. आपल्याकडे पुण्याच्या काही घरांतील बोलणे आणि छापील मराठी यांत निदान जवळचे नाते तरी दाखवता येते. छापील फिनिश मात्र कोणत्याही एका गावाची बोली नाही, कारण ती ठरवून आणि दीर्घ वादानंतर जुळवून घेतलेली भाषा आहे.

मिकाएल आग्रिकोला यांनी १५४३ मध्ये फिनिशमधील पहिले पुस्तक, म्हणजे मुलांची अक्षरओळख, छापले आणि १५४८ मध्ये बायबलच्या नव्या कराराचे भाषांतर प्रसिद्ध केले. ते देशाच्या पश्चिमेकडील तुर्कू शहरात वावरणारे धर्मगुरू असल्यामुळे पुढची जवळजवळ तीन शतके लिखित फिनिशचा पाया पश्चिमेकडील बोलींचाच राहिला. १८०९ मध्ये स्वीडनच्या हातून निसटून फिनलंड रशियन साम्राज्याखाली गेला, तेव्हा फिनिश ही शिक्षणाची आणि कारभाराची भाषा व्हावी असा आग्रह वाढू लागला आणि त्याबरोबर पूर्वेकडील लोकांनी विचारले, की आमच्या बोलींनी काय पाप केले आहे. या वादाला फिनिशमध्ये ‘बोलींची लढाई’ असेच म्हणतात. एलिआस ल्योन्रोत यांनी पूर्वेकडील लोकगीतांतून सिद्ध केलेले ‘कालेवाला’ हे महाकाव्य १८३५ मध्ये आल्यावर पूर्वेच्या शब्दसंपत्तीला मोठी प्रतिष्ठा मिळाली. शेवटी तडजोड झाली ती अशी, की ध्वनींचा आणि रूपांचा सांगाडा बराचसा पश्चिमेचा राहिला आणि शब्द मात्र पूर्वेकडून ओघाने आत आले. ‘संध्याकाळ’ या अर्थाचा आजचा ‘इल्ता’ हा शब्द पूर्वेचा आहे. पश्चिमेचा जुना ‘एहतो’ मागे पडला, तरी चर्चमधील प्रभुभोजनाला आजही ‘एहतोल्लिनेन’ म्हणतात, आणि त्या नावात तो जिवंत आहे.

या इतिहासात तुमच्या गावाचाही वाटा आहे. ज्यांच्या प्रयत्नांमुळे १८६३ च्या फर्मानाने फिनिशला कारभारात स्थान मिळण्याचा मार्ग मोकळा झाला, ते योहान विल्हेल्म स्नेलमान १८४० च्या दशकात कुओपिओतच शाळेचे मुख्याध्यापक होते आणि तेथूनच वृत्तपत्र काढून फिनिशची बाजू मांडत होते. ते स्वतः स्वीडिशभाषक होते. शहराच्या मध्यभागी त्यांच्या नावाचे उद्यान आहे, तेथून तुम्ही अनेकदा गेला असाल.

पुस्तकी भाषेतील काही ध्वनी तर लेखनातून जन्मले आहेत, हे कळल्यावर बोलीकडे पाहण्याची तुमची नजर बदलेल. ‘द’ घ्या. जुन्या फिनिशमध्ये त्याच्या जागी जिभेचे टोक दातांपाशी हलकेच घासून निघणारा एक वेगळा ध्वनी होता. तो बोलींमधून हळूहळू नाहीसा झाला, पण कागदावर ‘द’ हे अक्षर राहिले आणि शिकलेले लोक ते स्वीडिश धाटणीने उच्चारू लागले. म्हणून ‘आमचा’ हा शब्द पुस्तकात ‘मेइदॅन’ आहे, तर तुमच्या कुओपिओत ‘मेइयॅन’ आणि दक्षिण पोह्यानमा प्रांतात ‘मेइरॅन’. ‘जंगल’ याला पुस्तकात ‘मेत्सॅ’ म्हणतात. पश्चिमेत पुष्कळ ठिकाणी ‘मेत्तॅ’ आणि सावोत ‘मेहतॅ’ म्हणतात, आणि येथेही ‘त्स’ हा उच्चार मुख्यतः जुन्या छापील अक्षरांकडे पाहून रूढ झालेला आहे. तेव्हा आजी ‘द’ गाळतात असे म्हणण्यापेक्षा, तो त्यांच्या बोलीत कधी आलाच नाही असे म्हणणे अधिक खरे आहे. वऱ्हाडातील माणूस ‘काय करून राहिली’ असे म्हणतो तेव्हा तो ‘काय करतेस’ हे वाक्य बिघडवत नसतो, हे तुम्हाला अमरावतीत कोणी वेगळे समजावून सांगण्याची गरज पडली नसेल.

आता पुस्तकी भाषा आणि आजींची बोली यांच्या मध्ये एक तिसरी गोष्ट आहे, आणि तुम्ही स्वतः बोलायला शिकावे ती हीच. तिला ‘पुहेकिएली’, म्हणजे बोलभाषा म्हणतात. ही देशभर थोड्याफार फरकाने समजते आणि तुमच्या वयाचे सहकारी बहुतेक वेळ हीच बोलतात. पुस्तकातील ‘मे मेनेम्मे’ (आम्ही जातो) येथे ‘मे मेन्नॅन’ होते, ‘हे तुलेवात’ (ते येतात) याचे ‘ने तुले’ होते, ‘मिनून तालोनी’ (माझे घर) हे ‘मुन तालो’ इतके आखूड होते आणि ‘युक्सी, काक्सी’ (एक, दोन) यांचे शेवटचे स्वर गळून ‘युक्स, काक्स’ उरतात. मी स्वतः पहिल्यांदा ताम्पेरेत राहायला गेले तेव्हा बसथांब्यावर एका गृहस्थांना मार्ग विचारला होता आणि ते ‘एम्मॅ तीॲ’ इतकेच बोलून थांबले. घरी येऊन मी शब्दकोशात ‘एम्मॅ’ हा शब्द बराच वेळ शोधला. ते ‘एन मिनॅ तिएदॅ’, म्हणजे ‘मला माहीत नाही’, असे म्हणाले होते. तीन शब्दांचे दोन झाले होते, आणि प्रत्येक तुकडा मला वर्गात शिकवलेलाच होता. या प्रसंगानंतर मी एक वही केली. डाव्या बाजूला ऐकलेले जसेच्या तसे आणि उजव्या बाजूला त्याचे पुस्तकी रूप लिहायचे. तुम्हीही अशी वही ठेवावी असे मी आग्रहाने सांगते.

सावो बोली बोलायला शिकू नका, ऐकायला शिका. तिचे बदल नियमित आहेत आणि मराठी कानाला त्यांतील काही तर जन्मापासून परिचित आहेत. जोडाक्षराच्या मध्ये स्वर घालून ते सैल करण्याची सवय आपल्या लोकांना आहेच. ‘जन्म’चे ‘जनम’, ‘धर्म’चे ‘धरम’ करणाऱ्या आजी आपल्याही घरात होत्या. सावोत नेमके हेच होते. ‘कोल्मे’ (तीन) चे ‘कोलोमे’, ‘सिल्मॅ’ (डोळा) चे ‘सिलिमॅ’, ‘याल्का’ (पाय) चे ‘यालाका’, ‘क्युल्मॅ’ (थंड) चे ‘क्युल्युमॅ’. आपल्या व्याकरणात याला स्वरभक्ती हे नाव आहे, आणि पाश्चात्त्य भाषाशास्त्रातही हा संस्कृत शब्द वापरला जातो. दुसरे, पहिल्या अक्षरातील दीर्घ ‘आ’ तेथे फुटतो. त्यामुळे ‘मा’ (जमीन) चे ‘मुआ’ आणि ‘पॅ’ (डोके) चे ‘पिॲ’ असे ऐकू येते. पूर्वेकडे थोडे पुढे गेलात तर ‘मोआ’, ‘पेॲ’. तिसरे, शब्दाच्या शेवटचा दीर्घ स्वर बदलतो आणि त्याच्या आधीचे व्यंजन पुष्कळदा दुप्पट होते. म्हणून ‘तुले’ (येतो) चे ‘तुल्लो’ होते आणि ‘मेने’ (जातो) चे ‘मॅन्नो’.

हे तीन बदल कानात बसले, की तुमच्या कामातील वाक्ये उलगडू लागतील. ‘पाय दुखतो’ हे पुस्तकात ‘याल्का सॅर्के’ (त्यातला ‘का’ लांबवून) असे आहे. आजी ते ‘यालाको सॅर्को’ असे म्हणतील. ‘पॅतॅ सॅर्के’, म्हणजे डोके दुखते, हे ‘पिॲतॅ सॅर्को’ होईल. ‘हृदय’ या शब्दाकडे विशेष लक्ष असू द्या. पुस्तकातील ‘स्युदॅन’ तुम्हाला ‘स्युॲन’ किंवा ‘स्युवॅन’ असा ऐकू येईल. पुस्तकी भाषेत ‘स्युवॅन’ हे ‘खोल’ या शब्दाचे रूप आहे, त्यामुळे येथे ‘त्युओ’सारखीच फसगत होऊ शकते, आणि ही फसगत मात्र महागात पडू शकते. दुखण्याविषयी काहीही ऐकले आणि मनात तिळमात्र शंका राहिली, तर ‘नॅयुतॅत्तेको, मिहिन कोस्के?’, म्हणजे ‘कुठे दुखते ते दाखवता का?’ असे विचारा आणि हाताकडे पाहा.

आणखी एक बारकावा सांगते, कारण तो वर्गात सहसा शिकवत नाहीत. पुस्तकी फिनिशमध्ये माणसासाठी ‘हॅन’ आणि वस्तूसाठी ‘से’ वापरतात. बोलींमध्ये आणि बोलभाषेत माणसालाही ‘से’ म्हणतात, आणि त्यात अनादर मुळीच नसतो. मग ‘हॅन’चे काय होते? जुन्या बोलींमध्ये त्याला वेगळे काम आहे. ‘लिॲकॅरी सानो, एत्तॅ हॅन तुल्लो’ असे आजी म्हणाल्या, तर त्याचा अर्थ ‘डॉक्टर म्हणाले, की आपण येऊ’ असा होतो, म्हणजे स्वतः डॉक्टर येणार. त्याच जागी ‘से तुल्लो’ म्हटले, तर येणारे दुसरेच कोणी असण्याचा संभव आहे. आपल्या मराठीतील हे ‘आपण’ आणि त्यांच्या बोलीतील हे ‘हॅन’ इतके जवळचे आहेत, की पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा मला अतिशय आनंद झाला होता. परदेशी माणसाला जे पानभर समजावून सांगावे लागते, ते मराठी माणसाला एका शब्दात कळते.

शब्दांपलीकडेही सावोची एक रीत आहे. तेथील लोक ठाम होकार-नकार टाळतात अशी त्यांची देशभर ख्याती आहे, आणि ‘सावोचा माणूस बोलतो तेव्हा जबाबदारी ऐकणाऱ्यावर जाते’ असे फिनिश लोकच म्हणतात. ‘दुखते का?’ या प्रश्नाला ‘सुआत्तापी ओल्ला’ (असेलही) हे उत्तर आले, तर त्याला ‘नाही’ समजू नका आणि ‘हो’ही समजू नका. थोडे थांबा, उशी सारखी करा आणि दुसऱ्या प्रकारे विचारा.

सहकारी इंग्रजीकडे वळतात, त्यात तुम्हाला दूर ठेवण्याचा हेतू असेल असे मला वाटत नाही. फिनिश माणसाला समोरच्याला अवघडवणे नको असते आणि इंग्रजी हा त्याला सौजन्याचा मार्ग वाटतो. परंतु याचा परिणाम असा होतो, की ज्यांच्याकडून तुम्ही सर्वांत जास्त शिकू शकता तेच तुमच्याशी फिनिश बोलत नाहीत. हे एकदाच, स्पष्टपणे आणि हसून सांगा : ‘पुहुतान सुओमेआ’, म्हणजे ‘आपण फिनिशमध्ये बोलू या’. अडले तर ‘वोइत्को सानोआ सामान किर्याकिएलेल्लॅ?’ (हेच पुस्तकी भाषेत सांगशील का?) असे विचारा. या एका प्रश्नाने संभाषण फिनिशमध्येच राहते आणि तुमच्या वहीची उजवी बाजूही भरते. नोंदवहीत मात्र सरळ पुस्तकी भाषेतच लिहा. तेथे तुम्ही शिकलेली भाषा तुम्हाला खरी साथ देईल. आजींची एखादी तक्रार त्यांच्याच शब्दांत ठेवणे आवश्यक वाटले, तर ती अवतरणचिन्हांत लिहून पुढे अर्थ द्यावा.

मुलीविषयी निश्चिंत राहा. ‘म्युओ’ हा शब्द तिला कोणा तरी मित्राच्या आजीकडून किंवा बालवाडीतील ताईंकडून मिळाला आहे, म्हणजे तिला त्या गावाने आपलेसे केले आहे. शाळेत ती लिहायला ‘मे’ शिकेल आणि दोन्ही आपापल्या जागी वापरेल, जशी तेथील सारी मुले वापरतात. एके काळी फिनिश शाळांमध्ये बोलीबद्दल मुलांना टोकत असत, परंतु १९९० च्या दशकापासून बोलींविषयीचा अभिमान देशभर उघडपणे दिसू लागला आणि वर्तमानपत्रांपासून पुस्तकांपर्यंत बोलीत लिहिले जाऊ लागले. तुम्ही तिच्या ‘म्युओ’ला दुरुस्त करू नका. घरी तिच्याशी मराठीत बोला, आणि त्यात वऱ्हाडीही येऊ द्या.

ओउलूचे म्हणाल, तर सुरुवात पहिल्यापासून करावी लागणार नाही. त्या शहराची ओळख म्हणून सारा देश एक वाक्य म्हणतो : ‘ओक्को नॅ ओउलुस्ता, पेलेकॅक्को नॅ पोल्लीसिआ?’ म्हणजे ‘तू ओउलूचा का, पोलिसांना घाबरतोस का?’ पुस्तकात हेच ‘ओलेत्को सिनॅ ओउलुस्ता, पेल्कॅत्को सिनॅ पोलीसिआ’ असे होईल. आता ‘पेल्कॅ’चे ‘पेलेकॅ’ कसे झाले ते पाहा, आणि ‘पोलीसिआ’तील ‘ल’ दुप्पट झाला आहे तोही पाहा. हे दोन्ही बदल तुम्ही कुओपिओतच शिकलेल्या असाल. नवीन असेल ते सर्वनाम : ‘सिनॅ’ (तू) साठी ‘नॅ’ आणि ‘मिनॅ’ (मी) साठी ‘मॅ’, स्वर लांबवून. बटाट्याला ‘पेरुना’ऐवजी ‘पोत्तू’ म्हणतील, ते पहिल्याच जेवणात कळेल. त्याहून उत्तरेला, स्वीडनच्या सीमेकडे गेलात, तर ‘मी’ साठी ‘मिए’ आणि ‘सौनात’ (त्यांच्या वाफेच्या स्नानघरात) या अर्थी ‘साउनान’ऐवजी ‘साउनहान’ ऐकाल. १८०९ च्या सीमारेषेने तेथील एकच बोली दोन देशांत वाटली गेली. पलीकडच्या बाजूस तिला ‘मेॲन्किएली’, म्हणजे ‘आमची भाषा’, असे म्हणतात आणि २००० सालापासून स्वीडनने तिला अल्पसंख्याक भाषेचा दर्जा दिला आहे. सौनात अंगावर हलके आपटण्याची बर्चच्या फांद्यांची जुडी मात्र जपून मागा : पूर्वेत ती ‘वास्ता’ आणि पश्चिमेत ‘विहता’, आणि या शब्दावरून फिनिश लोक एकमेकांशी आजही प्रेमाने वाद घालतात. खोलात जावेसे वाटले, तर हेलसिंकीतील देशी भाषांच्या संस्थेने, जिला सगळे ‘कोतुस’ म्हणतात, बोलींचा प्रचंड शब्दकोश महाजालावर विनामूल्य ठेवला आहे. आजींच्या तोंडचा एखादा शब्द कोठेच सापडला नाही, तर तो कदाचित तेथे सापडेल.

वृद्धनिवासातील सारेच सावोचे असतील असेही समजू नका. १९४४ मध्ये युद्ध हरल्यावर कारेलियाचा भाग सोव्हिएत संघाकडे गेला आणि चार लाखांहून अधिक लोकांना घरदार सोडून फिनलंडच्या उर्वरित भागात यावे लागले. त्यांतील अनेक कुटुंबे उत्तर सावोतही वसली. तुमच्या एखाद्या आजी ‘मिनॅ’च्या जागी ‘मिए’ म्हणत असतील, तर त्या लहानपणी आईचे बोट धरून तिकडून आलेल्या असू शकतात, आणि त्यांच्या त्या एका सर्वनामात गमावलेले गाव असू शकते.

तेव्हा पुढच्या वेळी त्या आजींजवळ बसाल, तेव्हा त्यांच्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर द्या : ‘मे ओल्लान इन्तिआस्ता, आमरावातिस्ता’, आम्ही भारतातल्या, अमरावतीच्या. ‘म्युओ’ म्हणण्याची घाई करू नका, तुमचे ‘मे’ त्यांना उत्तम समजेल. आणि मग त्यांनाही विचारा : ‘एन्तॅ ते? मिस्तॅ ते ओलेत्ते?’ त्या गावाचे नाव सांगतील, कदाचित नदीचे आणि शाळेचेही सांगतील. त्या वेळी वही जवळ असू द्या.